रुंद टायरचा मोह आणि जुनी गाडी

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. इंजिनाचे काम पुरे होऊन तुझी जुनी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आली हे वाचून फार आनंद झाला. मात्र वेग वाढला की मागचा भाग डोलू लागतो आणि त्यावर उपाय म्हणून मागे १३०/८०-१८ (१३० मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १८ इंच) हा रुंद टायर बसवायचा तुझा विचार आहे, हे वाचल्यावर उत्तर लांबणीवर टाकणे मला बरे वाटले नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो, मग कारणे देतो. तुझ्या गाडीला रुंद टायर नको आहे. तिच्या रिमला आणि चौकटीला साजेल अशा आकाराची पुढची-मागची जोडी हवी आहे.

गाडीच्या मूळ मापांकडे पाहा. पुढे ३.५०-१९ आणि मागे ४.००-१८; पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा, दोन्ही इंचांत. या जुन्या इंची मापांत टायरची उंची त्याच्या रुंदीएवढीच धरलेली असते. त्यामुळे पुढच्या चाकाचा एकूण व्यास १९ अधिक दोनदा साडेतीन, म्हणजे २६ इंच भरतो, आणि मागचा १८ अधिक दोनदा चार, म्हणजे तोही २६ इंच. रिम वेगवेगळ्या असूनही दोन्ही चाके सारख्याच उंचीची ठेवली होती, आणि फोर्कचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांचा, कल त्या हिशोबाने आखलेला होता. आज मिळणाऱ्या मेट्रिक मापांत याला सर्वांत जवळची जोडी म्हणजे पुढे १००/९०-१९ आणि मागे ११०/९०-१८. त्यांचे व्यास अनुक्रमे सुमारे ६६३ आणि ६५५ मिलिमीटर येतात, तर २६ इंच म्हणजे ६६० मिलिमीटर. इतका फरक नवा टायर झिजेपर्यंत तसाही पडतो. तुझ्या १३०/८०-१८ चा व्यासही ६६५ मिलिमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे उंचीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती रुंदीची.

तुझ्या मागच्या रिमवर बहुधा ‘डब्ल्यूएम ३’ असा शिक्का असेल. त्याचा अर्थ टायरच्या दोन कडा ज्या जागेत बसतात ती जागा २.१५ इंच, म्हणजे जेमतेम ५५ मिलिमीटर रुंद आहे. १३० मिलिमीटरचा टायर याहून बऱ्याच रुंद रिमसाठी घडवलेला असतो. तो या अरुंद रिमवर चढवला की त्याच्या कडा आत दाबल्या जातात, बाजू फुगतात आणि माथा टोकदार होतो. म्हणजे रुंदीसाठी पैसे मोजायचे आणि सरळ जाताना जमिनीला टेकणारा पट्टा उलट अरुंद करून घ्यायचा. झुकवताना त्या बदललेल्या गोलाईमुळे गाडी आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी कलते. शिवाय कडांवर पुरेसा आधार नसल्याने टायरच्या बाजू आडव्या जोराखाली लवतात, आणि तू ज्या डोलण्याची तक्रार केली आहेस तेच वाढते. उलट पुढची रिम ‘डब्ल्यूएम २’ असेल, म्हणजे १.८५ इंचाची, तर तिच्यावर १००/९० सुद्धा किंचित जास्तच होतो. अशा वेळी इंची मापातला ३.५० चा टायर, नाहीतर ९०/९०-१९, हा अधिक शहाणपणाचा पर्याय ठरतो. मात्र ९०/९० चा व्यास ६४५ मिलिमीटर असल्याने पुढची बाजू थोडी खाली बसते. कोणत्या टायरला किती रुंदीची रिम चालते हे उत्पादक तक्त्यात देतात, आणि माझ्या मते ते आकडे कोणाही जाणकाराच्या सल्ल्यापेक्षा, माझ्यासुद्धा, अधिक वजनाचे आहेत.

उंचीचा मुद्दाही थोडक्यात सांगतो, कारण उद्या कोणी तुला १२०/९०-१८ सुचवेल. त्याचा व्यास ६७३ मिलिमीटर आहे, म्हणजे ११०/९० च्या तुलनेत मागचा आस ९ मिलिमीटर वर जातो. मागची बाजू उचलली की फोर्क उभा होतो आणि ट्रेल कमी होते. हँडलच्या दांड्याची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे टेकेल, त्या जागेपासून टायर टेकतो त्या जागेपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रेल. सोडलेले हँडल आपणहून सरळ होते ते मुख्यतः तिच्या जोरावर. नऊ मिलिमीटरने ती फार घटणार नाही, पण त्यासोबत पुढे कमी उंचीचा टायर बसवला तर दोन्ही बदल एकाच दिशेने काम करतात, आणि शांत स्वभावाची गाडी वेगात चंचल होते.

आता नक्षीविषयी. जुन्या काळची जोडी ठरलेली असे: पुढे लांबट सरळ पट्ट्यांचा टायर आणि मागे ठोकळ्यांच्या नक्षीचा. पट्ट्यांचा टायर दिसायला तुझ्या गाडीला सर्वांत शोभेल आणि सरळ रस्त्यावर हँडलही निश्चिंत ठेवील. पण रस्त्यावर लांबीच्या दिशेने खाचा किंवा डांबराचे जोड असले, तर तो त्यांच्या मागे जाऊ पाहतो आणि हँडलला हलकेच ओढ लागते. डनलॉपचा के-७० पुढेमागे दोन्हीकडे चालणारा आहे, पण त्याची घडण साठच्या दशकातली आहे. त्याच कंपनीचा के-८१ काहीशा त्रिकोणी माथ्याचा होता, म्हणजे झुकल्यावर जास्त रबर टेकेल असा. १९६९ साली आइल ऑफ मॅनच्या टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) मोटारसायकल स्पर्धेतील प्रॉडक्शन शर्यतीत माल्कम अपहिल यांनी ट्रायम्फ बॉनव्हिलवर ताशी १०० मैलांहून अधिक सरासरीची फेरी मारली ती याच टायरवर, आणि म्हणून त्याला ‘टीटी १००’ हे नाव मिळाले. गाडी प्रदर्शनात उभी करायची असेल तर यांपैकी काहीही घे. पण तू ती पावसातही चालवणार आहेस, आणि ओल्या रस्त्यावर आजच्या रबराची पकड त्या काळच्या रबराला नव्हती. म्हणून मी एव्हॉन रोडरायडर किंवा ब्रिजस्टोन बीटी-४६ यांसारख्या आजच्या क्रॉस-प्लाय (आतल्या धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदणारे) जोडीकडे झुकेन. दोन्ही टायर एकाच मालिकेचे घे. एकाची माथ्याची गोलाई दुसऱ्याशी जुळत नसेल, तर वळणात पुढचे आणि मागचे चाक वेगवेगळ्या लयीत कलतात. रेडियलच्या, म्हणजे ज्यात ते धागे एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ आडवे जातात अशा टायरच्या, वाटेला जाऊ नकोस. तुझी चौकट आणि चिमटा (मागचे चाक धरणारा वरखाली हलणारा दुहेरी दांडा) क्रॉस-प्लायच्या ताठ बाजू गृहीत धरून बनवलेले आहेत, आणि इतक्या अरुंद रिमसाठी रेडियल सहसा बनवतच नाहीत. पुढे एक प्रकार आणि मागे दुसरा, हे तर मुळीच नको.

विकत घेताना बाजूवरचा ‘डीओटी’ (DOT) अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक वाच. शेवटचे चार आकडे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात; ‘१४२३’ म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा. तिथे तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, त्याची नक्षी कितीही कोरी असली तरी. जुन्या गाड्यांचे टायर झिजून नव्हे, तर उभ्या उभ्या कडक होऊन निकामी होतात, आणि तुझ्या गाडीवर आज असलेले टायर याच वर्गात मोडतील असा माझा दाट संशय आहे. वेगाच्या खुणेची चिंता नको. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर, आणि तेवढा वेग ती गाडी घेणार नाही. तुझ्या रिमला आरे असल्याने आत ट्यूब लागेलच. ती जुनी वापरू नकोस, आणि आऱ्यांच्या टोकांवरची रबरी पट्टीही बदल.

पण टायर मागवण्यापूर्वी एक काम कर. संपूर्ण गाडी सेकंदाला दोन-चार वेळा, संथपणे मागून डोलत असेल, तर संशय चिमट्याच्या सांध्यातल्या बुशवर, चाकाच्या बेअरिंगवर आणि मध्यभागी सपाट झालेल्या मागच्या टायरवर घ्यावा. फक्त हँडल सेकंदाला सहा ते दहा वेळा थरथरत असेल, तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग), पुढच्या चाकाचा तोल आणि पुढचा टायर तपासावा. तुझे वर्णन पहिल्या प्रकारचे आहे. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन चिमटा आडवा हलवून बघ. त्यात खेळ सापडला तर जगातला कोणताही टायर तो झाकू शकणार नाही. मागचे चाक पुढच्याच्या रेषेत आहे का, हेही दोरी ताणून पाहा, कारण चेन ताणताना ते सहज तिरके होते.

हवा नेहमी गाडी थंड असताना भर. जुन्या पुस्तिकेतले आकडे त्या वेळच्या टायरसाठी होते, तेव्हा नव्या टायरच्या उत्पादकाने सांगितलेले घे. बसवताना बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेशी जुळव. काही टायरांवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी उलट दिशांचे दोन बाण असतात. पहिले दीडशे किलोमीटर बेताने चालव, कारण नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर घासून जायला तेवढे अंतर लागते.

दोन्ही रिमवरचे शिक्के वाचून मला कळव, आणि मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना चिमटा व चेनगार्ड यांपासून किती जागा उरते तेही मोजून लिही. पुढे ९०/९० घ्यावा की १००/९०, हे ते आकडे आल्यावर ठरवू.

तुझा,
विनायक