सायकलच्या सस्पेन्शनची देखभाल विक्रीच्या वेळीच सांगावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत सायकलखरेदीविषयी नुकताच जो लेख आला, त्यात ‘पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक घेऊ नये, ते वर्ष-दोन वर्षांत निकामी होते’ असा सल्ला होता. सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण त्यामागचे कारण अर्धवट सांगितले गेले, म्हणून हे पत्र. मी निवृत्त फिटर असून गेली बारा वर्षे रविवारी सकाळी साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कासच्या बाजूला सायकलने जातो. माझ्या पाहण्यात सस्पेन्शनचे जेवढे फोर्क (पुढचे चाक धरणारे, धक्के झेलणारे दुपायी भाग) वाया गेले, त्यांतले बहुतेक कधी उघडलेच गेले नव्हते.

माझ्या भाच्याने तीन वर्षांपूर्वी घेतलेली सायकल गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्याकडे आली, ती ‘मामा, शॉकअप जाम झालाय’ या तक्रारीसह. हँडलवर जोर दिला की फोर्क खाली बसत होता, पण वर येताना कुरकुरत, अडखळत येत होता. तळाचे दोन बोल्ट सैल करून रबरी हातोडीने हलके ठोकले आणि वरच्या नळ्यांवर सरकणारे खालचे पाय ओढून काढले, तेव्हा एका पायातून चहाच्या रंगाचे चमचाभर पाणी फरशीवर सांडले. दुसऱ्या पायात पाणीही नव्हते. कारखान्यात स्प्रिंगला लावलेल्या ग्रीसचा वाळलेला पापुद्रा तेवढा उरला होता. वरच्या क्रोमच्या नळीवर, नेमकी जिथे सीलची, म्हणजे घाण बाहेर ठेवणाऱ्या रबरी कड्याची, कड घासते तिथे, नखाला लागतील असे गंजाचे ठिपके उठले होते. फोर्क ठरावीक काळाने उघडून साफ करायचा असतो, हे त्या मुलाला दुकानात कोणी सांगितलेच नव्हते, आणि सायकलबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत बारीक टायपात छापलेली ती ओळ कोण वाचतो?

हा फोर्क म्हणजे मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचा हलका भाऊ. १९८९ साली मोटोक्रॉसच्या दुनियेतून आलेल्या पॉल टर्नर यांनी ‘रॉकशॉक्स’ या कंपनीचा पहिला फोर्क, आरएस-१, बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील दुरँगो येथे झालेल्या माउंटन बाइकच्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड तसाच फोर्क लावून डाउनहिल, म्हणजे उताराची, शर्यत जिंकले. म्हणजे ही वस्तू मुळात अशा लोकांसाठी घडली, ज्यांच्या मागे शर्यतीनंतर सायकल खोलून बसणारा मेकॅनिक असे. तीच वस्तू पुढे स्वस्त होऊन घराघरांत आली, पण तिच्याबरोबर मेकॅनिक काही आला नाही. मोटारसायकलच्या मानाने सायकलीच्या फोर्कमध्ये सील पातळ असतात आणि खालच्या पायांत वंगणाचे तेल अवघे काही चमचे असते, कारण सारी काटकसर वजनाची असते. इतके थोडे तेल लवकर खराब होणार, यात नवल काय?

‘रॉकशॉक्स’च्या देखभालीच्या कोष्टकात फोर्कचे खालचे पाय दर ५० तासांनी काढून साफ करावेत आणि तेल बदलावे, असे म्हटले आहे, ‘फॉक्स’ ही कंपनी १२५ तास किंवा एक वर्ष, यांतले जे आधी येईल ते धरते. हे तास सायकल प्रत्यक्ष चालवल्याचे. दर रविवारी तीन तास डोंगरात जाणाऱ्याचे ५० तास सतरा रविवारांत भरतात, म्हणजे जूनमध्ये तेल बदलले तर सप्टेंबर संपता संपता, जेमतेम एका पावसाळ्यात. रोज तासभर चालवणाऱ्याला तर दोन महिनेही मिळत नाहीत. हे आकडे चांगल्या फोर्कचे आहेत आणि स्वच्छ वापर धरून दिलेले आहेत. आपल्याकडे कास, महाबळेश्वर किंवा कोकणातल्या जांभ्याच्या लाल चिखलात ते आणखी आखडतात, कारण ती माती ओली असताना नळीला चिकटते आणि वाळली की पॉलिश पेपरसारखी सीलवर घासत राहते.

यात भर पडते ती वॉशिंग सेंटरची. पावसातून फिरून आलेली सायकल दुचाकीबरोबर रांगेत लावून जोराच्या फवाऱ्याने धुऊन घेण्याची आपल्याकडे सवयच आहे. त्या फवाऱ्याचा नेम सीलवर गेला की बाहेरची घाण सरळ आत जाते. घरी बादलीभर पाणी आणि फडके पुरते. काही गॅरेजवाले नळीला रॉकेल किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे मारतात. त्याने फोर्क दोन दिवस मऊ चालतो खरा, पण सीलजवळचे उरलेसुरले वंगण धुऊन जाते. याउलट एक जुनी सवय मात्र उपकारक आहे. पंक्चर काढताना आपण सायकल उलटी करतो, तेव्हा खालच्या पायांतले तेल सीलखालच्या स्पंजच्या कड्यांपर्यंत पोहोचते. ज्या फोर्कमध्ये असे तेल आणि अशी कडी आहेत, त्याची सायकल फेरीच्या आदल्या रात्री थोडा वेळ उलटी ठेवली तरी फरक जाणवतो.

आता स्वस्त सायकलींविषयी, कारण लेखकाचा रोख बहुधा त्यांच्यावरच होता. त्यांच्या फोर्कमध्ये पोलादी स्प्रिंग आणि नळी ज्यांतून सरकते ते प्लॅस्टिकचे बुश असतात आणि वजन सुमारे अडीच किलो भरते. वरची गोल चकती फिरवून फोर्क ‘कडक’ करता येतो असे विक्रेते सांगतात, पण तिने स्प्रिंग सुरुवातीला थोडी दाबली जाते इतकेच. ती मुळात जेवढी ताठ आहे तेवढीच राहते, मग सायकलवर पन्नास किलोचा मुलगा बसो की नव्वद किलोचा बाप. हवेच्या फोर्कमध्ये दाब आपल्या वजनाप्रमाणे भरता येतो, मात्र त्यासाठी वेगळा पंप लागतो आणि फोर्क उघडण्यापूर्वी हवा पूर्ण सोडावी लागते. ती न सोडता पाना लावणे धोक्याचे आहे. कोणताही फोर्क झिजला आहे का हे पाहायचे तर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी, दुसऱ्या हाताची बोटे सीलपाशी ठेवावीत. तिथे टक् टक् असा खेळ लागला तर बुश झिजले आहेत असे समजावे.

आणि बुश झिजले की खरी अडचण सुरू होते. भाच्याच्या फोर्कसाठी मी ज्या दुकानात गेलो, तिथे ‘सील सुटे मिळत नाहीत, नवीन फोर्क घाला’ एवढेच उत्तर मिळाले. सायकल त्याच दुकानातून घेतलेली होती! कंपन्यांकडे सील, स्पंजच्या कड्या आणि तेल यांचे संच असतात. ते मागवण्याचे कष्ट घ्यायला कोणी तयार नसते, कारण नवा फोर्क विकण्यात अधिक मिळते. म्हणून माझी विनंती विक्रेत्यांना आहे: सस्पेन्शनची सायकल विकताना तिच्या फोर्कची देखभाल किती तासांनी करायची हे बिलावरच लिहून द्यावे, त्या कामाची मजुरी आधी सांगावी, आणि ज्या मॉडेलचे सील आपण पुरवू शकत नाही ते मॉडेल विकताना तसे स्पष्ट बोलावे. ग्राहकाला मग ठरवता येईल. कॉलेज, क्लास आणि बाजार एवढ्यापुरती सायकल वापरणाऱ्याला तर साध्या चिमट्याची, म्हणजे सस्पेन्शन नसलेल्या फोर्कची, सायकल दाखवणेच योग्य.

भाच्याच्या सायकलीला आम्ही शेवटी साधा पोलादी चिमटा बसवला. तो निवडताना मूळ फोर्क माणूस बसल्यावर जेवढा दबत असे, तेवढा हिशेब करून लांबी जुळवावी लागली. आखूड चिमटा घातला असता तर हँडल खाली येऊन सायकल उतारावर चंचल झाली असती. सायकल किलोभराहून अधिक हलकी झाली. घाटात आता तो माझ्या पुढे असतो. उतरताना मात्र खड्डे आले की मागे पडतो, कारण माझ्या सायकलीला नऊ वर्षे जुना, वर्षातून दोनदा उघडलेला सस्पेन्शन फोर्क अजून आहे.

आपला नम्र,
एक सायकलस्वार वाचक, सातारा