मंत्रिमहोदय, आमच्या तिठ्यावरचा दिवा कोण लावणार?

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला रिक्षावाला. आमच्या गावचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो त्या तिठ्यावर माझा स्टँड आहे. गेल्या आठवड्यात तिथेच एका गाडीने माझ्या आईला उडवलं. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती बाजाराकडे निघाली होती. खुब्याचं हाड मोडलं. गाडी थांबली नाही.

तिठ्यावर सिग्नल आहे. पण बसवल्यापासून त्याचा पिवळा दिवा नुसता उघडझाप करतो. पाहणीला आलेल्या साहेबांनी सगळ्या गावासमोर सांगितलं होतं, गणपतीच्या आधी सुरू करतो. गणपती आले, विसर्जन झालं, चाकरमानी मुंबईला परत गेले. दिवा तसाच आहे.

आई खाटेवर पडल्या पडल्या विचारते, "तो दिवा कोणाला सांगतो रे, मला की गाडीवाल्याला?" मला उत्तर माहीत आहे, म्हणूनच संताप होतो. उघडझाप करणारा पिवळा म्हणजे वेग कमी करा, बघून पुढे जा. लाल उघडझाप करत असेल तर आधी पूर्ण थांबा, रस्ता मोकळा असला तरच निघा. लायसन काढताना हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण सुसाट येणारा ड्रायव्हर तो पिवळा दिवा बघून पाय उचलत नाही. आणि पायी जाणाऱ्या बाईसाठी त्या खांबावर काहीच नाही, ना लाल माणूस ना हिरवा. चौपदरी रस्ता, दुभाजक धरून वीसेक मीटर तरी असेल. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात. म्हणजे धडधाकट माणसालासुद्धा सतरा सेकंद लागणार. डोक्यावर पाटी घेतलेल्या सत्तरीच्या बाईला किती लागतील, हे तुमच्या इंजिनिअरने आमच्या तिठ्यावर उभं राहून मोजावं.

जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, तिथून कोल्हापूरला न्या म्हणाले. घाट उतरून-चढून रोज कोण करणार? मी दवाखान्यात बसून आहे, रिक्षा उभी आहे आणि कर्जाचा हप्ता उभा राहत नाही. घरात येणारा मासळीचा पैसा बंद झाला. पळून गेलेल्या गाडीसाठी सरकारी भरपाई आहे असं कळलं. 2022 पासून मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. त्यासाठी पोलिसांचे कागद आणा, दवाखान्याचे आणा, अर्ज भरा, चौकशीची वाट बघा. आईला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. मी कुठे कुठे पळू?

स्टँडवर लोक मला विचारतात, कारण विचारायला दुसरं कोणी नाही. लाल असताना डावीकडे वळायचं का? नाही, हिरवा बाण किंवा तशी पाटी असेल तरच. झेब्रावर माणूस उतरला तर गाडीने थांबायचं की माणसाने? गाडीनेच थांबायचं. पण झेब्रा आहे कुठे? आमच्याकडचा पाऊस आणि जांभ्याचा लाल चिखल पट्टे ठेवत नाही. पुन्हा मारायचे असतात हे कोणाच्या कामात बसतं, ते आम्हाला कोणी सांगत नाही. वळणाची त्रिकोणी पाटी श्रावणात वेलींनी गिळली, ती अजून बाहेर आलेली नाही. गतिरोधक अंधारात आहेत, त्यांच्या आधी पाटी नाही, वर रंग नाही. मोटरसायकलवाली पोरं त्यावरून उडतात आणि दोष पोरांचा निघतो.

गेल्या पावसात मला शहरातल्या चौकात चलन आलं, झेब्रावर गाडी उभी केली म्हणून. तिथे पट्टे उरलेलेच नव्हते. दंड भरला, कारण भांडायला एक दिवसाचा धंदा बुडवावा लागतो. सिग्नल तोडला तर मोटार वाहन कायद्यात हजार ते पाच हजार दंड आहे, कैदही आहे. असू दे, तोडणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण त्याच कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 198अ हे कलम आलं. रस्ता ठरलेल्या मानकांप्रमाणे केला नाही, राखला नाही आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदार, सल्लागार, अधिकारी यांना दंड. किती? जास्तीत जास्त 1 लाख. कोट्यवधींचं काम घेणाऱ्याला फार तर 1 लाख. तोही आमच्या पट्ट्यात कोणी भरल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

2011 साली या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम सुरू झालं. तेव्हा शाळेत जाणारी मुलं आज लायसन घेऊन याच रस्त्यावर गाडी चालवतात. दरवर्षी गणपती जवळ आले की तुमच्या गाड्यांचा ताफा येतो, खड्डे बघितले जातात, नवी तारीख मिळते. काम होत नाही असंही नाही. 2 ऑगस्ट 2016 ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या, आणि पुढच्या पावसाळ्याआधी नवा पूल उभा होता. म्हणजे माणसं गेल्यावर तुम्हाला जमतं. त्याआधी का जमत नाही, याचं उत्तर कोकणाला मिळालेलं नाही. आम्ही मतं देतो, टोल आणि कर भरतो, जमिनी दिल्या, भावाभावांत मोबदल्याच्या केसेस लागल्या, आणि गावातून समोरच्या बाजारात जायची सोय आम्ही मागून घ्यायची?

सिग्नल पूर्ण चालू करा. पायी जाणाऱ्यांसाठी वेगळा दिवा लावा आणि त्याची वेळ म्हाताऱ्या माणसाच्या चालीवर ठरवा. थांबायची रेघ आणि झेब्रा पाऊस गेल्या गेल्या पुन्हा मारा. पाट्यांवरची झाडी तोडा. आणि खांबावर एक फलक लावा, दिवा बंद पडला तर कोणत्या पदावरचा अधिकारी जबाबदार आणि त्याला कुठे फोन करायचा.

उत्तर मराठीत पाठवा. "संबंधितांना कळवण्यात आले आहे" असं लिहू नका. ज्याच्या सहीने दिवा लागणार आहे त्याचं पद आणि तारीख लिहा.

आपला,
महामार्गावरच्या तिठ्यावरचा एक रिक्षाचालक
जि. रत्नागिरी