गोठ्यामागची खाण

सांगली

ती. आई आणि नाना यांना
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की नाना "बरं बरं" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव.

पाडव्याला आले होते तेव्हा दुपारी तुम्ही दोघं पडला होता, आणि मी टेप घेऊन गोठ्यामागं गेले. काकांच्या मुरमाच्या खाणीची धार आता गोठ्याच्या कोपऱ्यापासून 24 फुटांवर आलीय. दोरीला दगड बांधून खाली सोडला, 18 फूट भरली. आणि कड सरळ उभी, पोकलेननं भिंतीसारखी कापलेली.

नाना म्हणतात, मुरूम पक्का आहे, दोन वर्षं उभा आहे. कोरडा आहे म्हणून उभा आहे. तिथलंच मुठीएवढं ढेकूळ मी आणलं होतं. हातानं फुटेना. वाटीभर पाण्यात ठेवलं. आधी बारीक बुडबुडे आले, मग बाजूनं खपल्या सुटायला लागल्या, आणि आईचा चहा उकळेपर्यंत वाटीत नुसता गाळ आणि खडे. ती वाटी कुणी वापरली, असं आई ओरडत होती ना, ती मीच.

आणि नाना, तुम्हाला हे मी काय सांगायचं? विहीर पाडली तेव्हा वरचा मुरूम दगडी बांधून घेतलात आणि खाली काळा पाषाण लागल्यावर तसाच सोडलात, ते कशासाठी? त्या बांधकामात आईच्या पाटल्या गेल्या. तेव्हा मुरूम कच्चा होता, भावाच्या रानात गेल्यावर पक्का कसा झाला?

डंपरनं ओतलेला ढीग बघा. उंचीच्या साधारण दीडपट तो बाजूला पसरतो, सुट्या मुरमाला त्याहून उभं राहता येत नाही. भिजून सुटलेली कड त्याच उताराला येणार. 18 ची दीडपट 27. खाणीच्या तळापासून मागं 27 फूट धरले तर गोठ्याचा कोपरा 3 फूट आत सापडतो. यात म्हशींचं वजन, उकिरडा, मुरलेलं पाणी काहीच धरलेलं नाही. काका आणखी 6 फूट खाली गेले की 27 चे 36 होतात.

2021 च्या जुलैत पाटणकडं आंबेघर, मिरगावात दरडी आल्या तेव्हा नाना म्हणाले होते, तो डोंगराचा मुलूख, आपला खटाव दुष्काळी. खरंय. पण आपण माळावर स्वतःच कडा तयार केलाय, आणि परतीचा पाऊस आपल्याला कधी सोडत नाही. खाणीत पाणी साठलं की काका मोटर लावून दोन दिवसांत उपसतात, त्याची मला जास्त भीती वाटते. बाहेरच्या पाण्याचा टेका निघून जातो, मुरमात मुरलेलं पाणी मात्र आतच असतं.

काका म्हणतात, खोली 20 फुटांच्या आत आहे, कायद्यात बसतं. अर्धं खरं आहे. 6 मीटरपेक्षा खोल नसलेली, सुरुंग न लावणारी, 50 च्या आत माणसं असलेली मुरमाची खाण 1952 च्या खाण कायद्याच्या बहुतेक कलमांतून सुटायची; नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. पण ज्या खाणी सुटत नसत त्यांना त्या कायद्याखालच्या नियमांनी मुरमात 45 अंशांपेक्षा उभी बाजू ठेवता येत नसे. नाहीतर दीड मीटरच्या पायऱ्या काढायच्या, तेवढ्याच रुंद. दुसऱ्याच्या इमारतीपासून 45 मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदता येत नसे. आपले 24 फूट म्हणजे सव्वासात मीटर.

काकांशी मी बोलते, तुम्ही दोघा भावांनी बोलायचं नाही. पायथ्याला मुरूम परत ओतून उतार करा एवढंच म्हणणार आहे. काकूला आधी फोन करेन, ती ऐकते. तोवर म्हशी चिंचेखाली बांधा. उकिरडा धारेवरून घराकडं घ्या, वास येऊ दे. पत्र्याच्या वळचणीचं पाणी खाणीकडं जातंय, तिथं वरच्या अंगाला चर काढून ते ओढ्याला लावा.

आणखी एक. धारेपासून चार फुटांवर, धारेला धरून, एक बारीक भेग आहे, काडेपेटीची काडी जाईल एवढी. तिच्या दोन्ही अंगाला खुंट्या ठोकून मी लाल सुतळी ताणून बांधलीय. जवळ जायचं नाही, आई, गोठ्याच्या दारातूनच दिसते. सुतळी तुटलेली दिसली तर आधी म्हशी सोड, मला फोन नंतर कर.

तुमची,
ताई