विषय: रेकॉर्ड मागवली होती, किराणा नाही

प्रति,
कस्टमर केअर

नमस्कार. हा माझा चौथा मेल. आधीच्या तिन्हींना तुमच्या बॉटने उत्तर दिलंय, त्यामुळे हा कृपया माणसाने वाचा.

बाबांच्या पंचाहत्तरीला म्हणून मी तुमच्याकडून जपानी गायक क्यू साकामोतोच्या 'सुकियाकी' या गाण्याची जुनी ४५ ची, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी, रेकॉर्ड मागवली. आली ती खोक्यावर 'खाद्यपदार्थ, थंड जागी ठेवा' असा लाल स्टिकर मिरवत. उघडली तर कडेपासून पार लेबलपर्यंत केसाएवढी चीर, सुई ठेवली की दर फेऱ्याला टक, टक, आणि नेमकी शिट्टी सुरू होते तिथे सुई सरळ उडीच मारते. अहो शिट्टीच तर त्या गाण्याचा जीव! रिटर्न टाकायला गेले तर बॉट विचारतो सील फोडलंय का, एक्सपायरी डेट काय. वैतागून रेकॉर्डचं साल टाकलं, १९६३. तर म्हणे मुदत संपलेला माल परत घेत नाही.

आता खरं सांगायचं तर घोळ तुमच्याही आधीचा आहे. गाण्याचं मूळ नाव 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे वर बघत चालू या, कशाला तर डोळ्यातलं पाणी खाली पडू नये म्हणून. ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपनीला हे नाव जड वाटलं आणि त्यांनी सुकियाकी चिकटवलं, जे बीफच्या एका पदार्थाचं नाव आहे आणि गाण्यात त्याचा वासही नाही. भूपाळीला 'मिसळ' म्हणून विकावं तसलं हे. पण त्यांनी निदान रेकॉर्डच्या दुकानात तरी विकली हो!

आणि आत जे माहितीचं कार्ड घातलंय ते कोणी लिहिलं? 'गायकाने स्वतः लिहिलेलं आनंदी प्रेमगीत.' शब्द रोकुसुके एई यांचे आहेत. १९६० मध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानमध्ये प्रचंड निदर्शनं झाली, करार व्हायचा तो झालाच, त्या निराशेत घरी परतताना सुचलेलं हे गाणं, यात आनंद कुठे दिसला तुम्हाला? चाल हाचिदाई नाकामुरांची. रोकु म्हणजे सहा, हाची आठ, क्यू नऊ, त्यामुळे या तिघांना तिकडे सहा-आठ-नऊच म्हणायचे. आणि हा क्यू खरंच नऊ भावंडांतलं शेंडेफळ, कावासाकीचा, जन्म १९४१, एल्विसच्या नादाने गायला लागलेला पोरगा. शब्द असे तोडून तोडून म्हणतो की पहिल्यांदा ऐकून एईंना राग आला होता म्हणतात. तेच गाणं जून १९६३ मध्ये अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तीन आठवडे एक नंबरला होतं, चक्क जपानी शब्दांसकट.

हेही एक वेळ सोडून दिलं असतं. पण कार्डची शेवटची ओळ, 'क्यू साकामोतो आजही स्टेजवर तितक्याच उत्साहाने गातात.' ते १२ ऑगस्ट १९८५ ला गेले. टोकियोहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं १२३ नंबरचं विमान डोंगरात पडलं, ५२४ पैकी ५२० माणसं गेली, त्यात हे. वय ४३, मागे बायको आणि दोन मुली. बाबांना हे सगळं माहीत आहे. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला, कार्ड पालथं घातलं आणि चहा घ्यायला उठून गेले. वाढदिवसाला.

तर मला बिनचिरेची रेकॉर्ड पाठवा, नसेल तर पूर्ण पैसे द्या, कूपन अजिबात नको. ते कार्ड बाकीच्या खोक्यांतूनही काढा. आणि ही रेकॉर्ड तेवढी किराण्यातून म्युझिकमध्ये हलवा, नाहीतर पुढच्या माणसालाही बॉट हेच विचारणार.

पिकअपवाला दुपारी चारच्या आत पाठवा, नंतर आमची लिफ्ट बंद असते. त्याला सांगा रेकॉर्ड उभी ठेव, आडवी नको. थंड जागेची गरज नाही.

तुमची (अजून तरी) ग्राहक