कला आणि तंत्रज्ञान एकत्र शिकवणाऱ्या शिक्षकाला अनुदान कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे अर्थसंकल्प दरवर्षी मार्चच्या सुमारास अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येतात. इमारती, परीक्षा, संगणकीकरण, युवक महोत्सव यांच्या तरतुदींवर तेथे भरपूर चर्चा होते. परंतु कला आणि तंत्रज्ञान यांची सांगड घालून वर्गात काही नवे शिकवू पाहणाऱ्या शिक्षकासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष त्यात क्वचितच दिसते. या उणिवेकडे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

29 जुलै 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चौसष्ट कलांचा दाखला देऊन असे म्हटले आहे की, मानव्यविद्या व कला यांना विज्ञान-तंत्रज्ञानाची जोड दिल्यास विद्यार्थ्यांची सर्जनशीलता आणि चिकित्सक वृत्ती वाढते. आपल्या राज्याने त्याला अनुसरून जी श्रेयांक (क्रेडिट) रचना आणली, तीत विद्यार्थ्याला आपल्या विद्याशाखेबाहेरचे मुक्त ऐच्छिक विषय घेणे आवश्यक झाले आहे. त्यामुळे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी नाट्यकलेच्या वर्गात आणि मराठीचा विद्यार्थी संगणकाच्या प्रयोगशाळेत बसू लागला, हे स्वागतार्हच आहे. मात्र अशा मिश्र वर्गाला शिकवायचे कसे, याची तयारी करण्यासाठी शिक्षकाच्या हाती अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेपलीकडे फारसे काही पडलेले नाही.

संशोधनासाठी निदान दार किलकिले झाले आहे. 2023च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या कक्षेत नैसर्गिक विज्ञान व अभियांत्रिकीबरोबरच मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे जेथे विज्ञान-तंत्रज्ञानाला भिडतात, ते क्षेत्रही स्पष्टपणे घातलेले आहे आणि पाच वर्षांत 50 हजार कोटी रुपये उभारण्याचे उद्दिष्ट त्या वेळी जाहीर करण्यात आले होते. पण हा निधी संशोधनाचा. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्या, शोधनिबंधापेक्षा वर्गातल्या प्रयोगात रमणाऱ्या प्राध्यापकाने कोठे अर्ज करावा, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

अशा आश्रयाची परंपरा आपल्याला अगदीच अपरिचित आहे, असेही नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांनी 1890मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू केले, तेव्हा चित्रकला, रंगकाम, विणकाम आणि यंत्रविद्या ही सारी एकाच संस्थेत शिकवली जात. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून तेथे गेले. चित्रकलेचे शिक्षण घेणाऱ्या या विद्यार्थ्याला छायाचित्रणाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू देण्याचा आणि पुढे ब्लॉकमेकिंग, फोटोलिथोग्राफी ही छपाईची तंत्रे शिकण्यासाठी रतलामला पाठवण्याचा निर्णय तेथील प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी घेतला. 1913मध्ये पडद्यावर जो 'राजा हरिश्चंद्र' अवतरला, त्याची मुळे अशा निर्णयांतही शोधावी लागतात. (ज्या परिसराला आजही कलाभवन म्हणतात, तेथे सध्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा आहे.)

अलीकडचे उदाहरण र. कृ. जोशी यांचे देता येईल. कवी, सुलेखनकार आणि जाहिरात क्षेत्रातला माणूस आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक होतो आणि त्याच माणसाच्या आरेखनातून घडलेला 'मंगल' हा देवनागरी टंक (फॉन्ट) विंडोजबरोबर घरोघरच्या संगणकांत पोहोचतो. हे एखाद्या संलग्न महाविद्यालयात घडू शकले असते का, याचा विचार व्हावा. दुसरीकडे, जात्यावरच्या ओव्यांचे आपल्याकडचे सर्वांत मोठे संकलन हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या संशोधकांच्या पुढाकाराने, विद्यापीठीय चौकटीबाहेर उभे राहिले. लाखाहून अधिक ओव्या आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण संगणकीय सूचीत बसवण्याच्या कामात बर्नार बेल यांच्यासारखे संगीत आणि संगणक या दोन्हींचे जाणकार सहभागी झाले. मराठीचा प्राध्यापक आणि संगणकशास्त्राचा प्राध्यापक एकाच आवारात असूनही असे काम लहान प्रमाणात का होईना, पण वर्गात का होत नाही? माझ्या मते त्याचे कारण उदासीनता हे नसून कार्यभाराचे वेळापत्रक हे आहे.

म्हणून असे अनुदान सुरू झालेच, तर ते कशावर खर्च होईल, हे आधी ठरले पाहिजे. अनुदान म्हटले की आपल्याकडे कोटेशने मागवली जातात, यंत्रसामग्री येते, तिची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद होते, उपयोगिता प्रमाणपत्र रवाना होते आणि खोलीला कुलूप लागते. एका महाविद्यालयात मी ध्वनिमुद्रणाचा उत्तम संच असाच वर्षानुवर्षे वेष्टनात पाहिला आहे. तो चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या मानधनाची तरतूद मंजुरीपत्रात नव्हती. त्यामुळे रकमेचा मोठा भाग शिक्षकाचा वेळ मोकळा करण्यासाठी असावा. एका सत्रापुरता त्याच्या काही तासिकांचा भार दुसऱ्याकडे द्यावा आणि त्या तासिकांचे मानधन अनुदानातून भागवावे. उरलेल्या पैशांतून तंत्रज्ञ, तसेच वर्गात येऊन शिकवणारे ढोलकीवादक, शाहीर, छापकाम करणारे कारागीर यांना सन्मानाने मोबदला देता यावा. अर्ज मात्र दोन वेगवेगळ्या विद्याशाखांतील शिक्षकांनी मिळून करणे बंधनकारक असावे. अन्यथा मराठीचा शिक्षक स्लाइड दाखवणार आणि त्यालाच तंत्रज्ञानाधारित अध्यापन म्हटले जाणार.

मूल्यमापनाबाबतही एक धास्ती वाटते. पदोन्नतीच्या गुणांची सवय जडलेली आपली व्यवस्था येथेही दोन शोधनिबंधांची अट घालील आणि शिक्षक वर्ग सोडून निबंधामागे लागतील. त्याऐवजी सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी केलेले काम इतर महाविद्यालयांतील शिक्षकांसमोर मांडले जावे, त्यावर त्यांनी लेखी अभिप्राय द्यावा आणि तयार झालेले पाठ, ध्वनिफिती, संगणकीय साधने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सर्वांना विनामूल्य वापरता यावीत.

पदेच रिक्त असताना हे चोचले कशाला, असा आक्षेप येईल आणि तो निराधार नाही. रिक्त पदे भरली जाणे अशा कोणत्याही योजनेच्या आधी आले पाहिजे. परंतु ती भरेपर्यंत पदवीचे अनेक वर्ग तासिका तत्त्वावरील शिक्षकच सांभाळत आहेत आणि नवी साधने हाताळण्यात त्यांतील तरुण मंडळी पुष्कळदा कायम शिक्षकांच्या पुढे असतात. अनुदानाच्या नियमावलीत 'पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक' ही नेहमीची अट घातली गेली, तर नेमके तेच बाहेर राहतील. अधिसभेतील शिक्षक प्रतिनिधींनी येत्या अर्थसंकल्पी बैठकीत निदान ही अट वगळून एक प्रायोगिक तरतूद मागावी, अशी त्यांना विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका, सातारा