लंडनला निघालेल्या माऊस

सोलापूर, रविवार रात्र

चि. माऊ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी ‘लंडनची दोन वर्षे संपल्यावर काय?’ असे मी तिसऱ्यांदा विचारले आणि तू फोन ठेवलास, त्याचा मला राग नाही. तो प्रश्न पुन्हा काढायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

आपल्यापासून अडीच तासांवरच्या विजापूरच्या आसार महालातील अरबी हस्तलिखिते 1853 मध्ये लंडनला गेली आणि ती पाहण्यासाठी माझ्या मुलीला व्हिसा काढावा लागतो, याची मला गंमतही वाटते आणि चीडही येते. तुझी आई सर्वांना सांगते की माऊ जुनी पुस्तके वाचायला चालली आहे. मी तिला दुरुस्त करतो, की मजकूर पुष्कळ जण वाचतात. आमची माऊ पहिल्या पानावरचे शिक्के, मालकांच्या नोंदी आणि समासातल्या टिपा वाचून ते पुस्तक कोणाच्या हातून कोणाकडे गेले हे शोधते. हे सांगताना माझा आवाज चढतो म्हणे.

दिवाळीत तू दमामीनीची गोष्ट सांगितलीस. अलेक्झांड्रियाचा हा व्याकरणपंडित विणकामाच्या धंद्यात पडला, घर जळाले, सावकार मागे लागले; पुढे येमेनमधल्या जबीदच्या मशिदीत वर्षभर शिकवूनही जम बसेना, म्हणून समुद्र ओलांडून गुजरातेत आला आणि शेवटी बहमनींच्या गुलबर्ग्यात 1424 मध्ये वारला. विणकामात बुडाला हे ऐकून सगळे हसले, आपण सोलापूरकरच ना! मला मात्र रात्रभर जबीदचे ते एक वर्ष दिसत राहिले. ज्याच्या टीकाग्रंथाच्या नकला त्याच्या पश्चातही होत राहिल्या, त्याला पक्की जागा मिळू नये? (त्याच्यावर विषप्रयोग झाला असे चरित्रकार लिहितात, हे तू आईसमोर बोलायला नको होतेस.)

आपले माग भंगारात गेले तेव्हा तू नववीत होतीस. महिन्याची आवक थांबली की घरात माणसे किती हळू बोलू लागतात, हे तुला ठाऊक आहे. म्हणून सांगतो, कायमची नोकरी सोडलीसच आहे तर भविष्य निर्वाह निधीला हात लावू नकोस, दरमहा काही बाजूला टाक, आणि पहिले वर्ष सरण्याआधीच पुढचे अर्ज... पाहा, पुन्हा तेच. क्षमा कर. उपदेश करण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे त्या मागांवरूनच कळते.

शेजारच्या चाचांच्या ओट्यावर तू अलिफ-बे गिरवायचीस आणि घरी येऊन माझ्या हिशेबाच्या वहीत उजवीकडून डावीकडे तुझे नाव लिहायचीस. ते पान मी फाडले नाही. दादांच्या पोथीत आई कडुलिंबाचा पाला ठेवते, हे पाहून तू म्हणाली होतीस की अरबी पुस्तकांवर किडीपासून राखण म्हणून ‘या कबीकज’, म्हणजे ‘हे किड्यांच्या राजा कबीकजा’, असे लिहीत. यंदा तिने पाला बदलताना मला ती अक्षरे कागदावर काढायला लावली. चुकली असतील, तरी तो कागद पोथीतच आहे.

गुरुवारच्या गाडीला मी स्टेशनवर येईन. काही विचारणार नाही. वरच्या खोलीसाठी भाडेकरू आला होता, त्याला मी नाही म्हणून सांगितले आहे.

तुझा,
अण्णा