फर्स्ट फोकल प्लेनच्या नावाखाली दुसरीच दुर्बीण पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ४ ते १६ पट झूमची रायफल दुर्बीण जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसल्याबाबत

महोदय,

मी ठाण्यात वर्तकनगर येथे राहतो. .१७७ बोअरच्या एअर रायफलने मी दोन प्रकारची नेमबाजी करतो. एक म्हणजे टेबलावर रायफल टेकवून २५ मीटरवरच्या कागदावर होणारी बेंचरेस्ट, आणि दुसरी म्हणजे कर्जतजवळ मित्राच्या शेतावर १० ते ४५ मीटर अशा वेगवेगळ्या अंतरांवर ठेवलेल्या पत्र्याच्या लक्ष्यांवर होणारी फील्ड टार्गेट. गेल्या महिन्यात आपल्या संकेतस्थळावरून मी जी दुर्बीण मागवली, ती या दुसऱ्या प्रकारासाठी.

आपल्या पानावर तिचे वर्णन 'फर्स्ट फोकल प्लेन, मिल रेटिकल, ०.१ मिलचे क्लिक' असे स्पष्ट छापलेले आहे. रेटिकल म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या नेमाच्या खुणा, मिल हे कोन मोजण्याचे एकक, आणि क्लिक म्हणजे नेम सरकवणाऱ्या फिरकीची एक खाच. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये झूमबरोबर रेटिकलही लहानमोठे होते, त्यामुळे खुणांचे माप प्रत्येक झूमवर तेच राहते. याच मालिकेतील सेकंड फोकल प्लेनची दुर्बीण, जिच्यात रेटिकल तेवढेच राहते आणि खुणांचे माप एकाच झूमवर बरोबर येते, साडेसहा हजार रुपयांनी स्वस्त होती. ती न घेता जास्त पैसे मोजले ते केवळ या तीन गोष्टींसाठी. प्रत्यक्षात आलेल्या दुर्बिणीत तिन्हींपैकी फक्त मिल रेटिकल तेवढे खरे निघाले.

पहिली शंका आली ती झूमची कडी फिरवताना. चित्र मोठे होत होते, रेटिकल मात्र जागच्या जागी तेवढेच राहत होते. तरीही घाईने आरोप करू नये म्हणून मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टेपने २५ मीटर मोजले, टाकीच्या भिंतीवर दर २५ मिलिमीटरला रेघ मारलेला कागद चिकटवला आणि दुर्बीण तांदळाच्या पिशवीवर टेकवून पाहिले. (रायफल घरीच ठेवली होती, शेजाऱ्यांचा गैरसमज नको.) २५ मीटरवर एक मिल म्हणजे २५ मिलिमीटर, त्यामुळे खऱ्या फर्स्ट फोकल प्लेनमध्ये रेटिकलच्या दोन खुणांमध्ये कोणत्याही झूमवर कागदावरचे एकच घर (दोन रेघांमधले अंतर) बसायला हवे होते. आपल्या दुर्बिणीत १६ पटीवर एक घर बसले, ८ पटीवर दोन आणि ४ पटीवर चक्क चार. त्यानंतर कागदावरील एका रेघेवर नेम ठेवून वरच्या टरेटचे (नेम वर-खाली सरकवणाऱ्या फिरकीचे) दहा क्लिक फिरवले. ०.१ मिलच्या हिशेबाने नेम २५ मिलिमीटर सरकायला हवा होता, तो सुमारे १८ मिलिमीटरच सरकला, म्हणजे क्लिक पाव एमओएचे (कोन मोजण्याच्या दुसऱ्या, मिलपेक्षा लहान एककाचे) आहेत. रेटिकल मिलमध्ये आणि टरेट एमओएमध्ये असल्यावर एक मिलची चूक दुरुस्त करायला दहाऐवजी सुमारे चौदा क्लिक मोजावे लागतात.

ही बाब किरकोळ नाही. माझी रायफल २५ मीटरवर झिरो केलेली आहे, म्हणजे त्या अंतरावर छर्रा नेमक्या नेमावर लागतो, आणि ४५ मीटरच्या लक्ष्यासाठी मला नेम दीड मिल वर धरावा लागतो. ८ पटीवर रेटिकलची तीच दीड खूण प्रत्यक्षात तीन मिल होते, आणि छर्रा लक्ष्याच्या पावणेसात सेंटिमीटर वरून जातो. फील्ड टार्गेटमध्ये छर्रा ज्या भोकातून जायला हवा ते ४० मिलिमीटरपेक्षा मोठे नसते. पहिल्याच रविवारी सलग सहा छर्रे असे वरून गेल्यावर मी रायफलच्या स्प्रिंगला दोष देत बसलो होतो.

सेकंड फोकल प्लेन ही वाईट रचना आहे असे माझे म्हणणे नाही. बेंचरेस्टला अंतर एकच आणि झूमही एकच असते, शिवाय झूम वाढवला तरी रेटिकलची रेघ जाड दिसत नाही, त्यामुळे तिथे मी स्वतः तीच पसंत करीन. निवड मी समजून केली होती, आणि आपण ती परस्पर बदललीत, हा माझा आक्षेप आहे.

आपल्या ग्राहक सेवा प्रतिनिधीने दूरध्वनीवर "दोन्हींत फरक नसतो, सवय होईल" असे सांगितले आणि पुढे "शिकारीला हीच चांगली" अशी भरही घातली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू असलेल्या देशातील ग्राहकाला हा सल्ला द्यावा, याचे आश्चर्य वाटते. आपल्या पानावर हीच दुर्बीण ऑलिंपिकच्या १० मीटर एअर रायफल प्रकारासाठीही सुचवलेली आहे. त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही, पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरण्याचे साधन) वापरतात. एखादा नवखा मुलगा हे वाचून आई-वडिलांना खर्चात पाडेल, म्हणून तो मजकूर काढून टाकावा.

खोके उघडून दुर्बीण रायफलवर बसवली, या कारणाने परतीची विनंती नाकारण्यात आली. नळीवर माउंटच्या रिंगांचे पुसट वळ आहेत, हे मी मान्य करतो. पण दुर्बीण न बसवता आणि तिच्यातून न पाहता रेटिकल कोणत्या प्रतलात (फोकल प्लेनमध्ये) आहे हे ग्राहकाने कसे ओळखावे, हे आपणच सांगावे.

जाहिरातीत लिहिलेली दुर्बीण बदलून द्यावी, अथवा कुरिअर खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी, अशी माझी मागणी आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. देयकाची प्रत, आपल्या पानाचे छायाचित्र आणि ४, ८ व १६ पटीवर दुर्बिणीतून काढलेली कागदाची तीन छायाचित्रे सोबत जोडली आहेत. दुर्बीण मूळ खोक्यात बांधून तयार आहे. संध्याकाळी सातनंतर कधीही माणूस पाठवावा.

आपला,
(सही)
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)